कुठपर्यंत आलो होतो?
यूएसबी ड्रायव्हरमधली एक चूक आणि हस्तलिखिताची सरकलेली पानं

नाताळच्या सुट्टीत आमच्या वाङ्मय मंडळाने एक काम अंगावर घेतलं होतं. खानापूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी जुन्या हस्तलिखित अंकांच्या तीन वह्या सापडल्या होत्या. विद्यार्थ्यांनी बोरूने आणि टाकाने लिहिलेल्या कविता, गोष्टी, मधेच एखादं जलरंगातलं चित्र. घरच्यांनी वह्या दिल्या, पण अट घातली: पंधरा दिवसांत परत, आणि पानं पुन्हा पुन्हा दाबायची नाहीत. कागद इतका ठिसूळ झाला होता की वही उलगडताना कडेचा चुरा टेबलावर पडायचा. प्रत्येक पान एकदाच काचेवर ठेवायचं, एकदाच स्कॅन करायचं, एवढीच मोकळीक होती.

स्कॅनर मंडळाचा होता, जुना पण चालू. कॉम्प्युटर मात्र माझ्या मावसभावाचा. दादा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तळहाताएवढ्या एका बोर्डावर स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम उभी करणं हा त्याचा प्रोजेक्ट, आणि त्यातला यूएसबीचा ड्रायव्हर त्याने स्वतः लिहिलेला. "माझं टेस्टिंग होईल, तुझं स्कॅनिंग होईल," तो म्हणाला. करंज्यांचे डबे बाजूला सारून आम्ही डायनिंग टेबलावर दुकान मांडलं.

चार दिवसांत १४६ पानं झाली. दोन वह्या मी परतही देऊन आले. त्या रात्री पानं पडद्यावर एकेक करून बघताना एका कवितेपाशी थांबले. वरच्या आठ ओळी नीट होत्या. नवव्या ओळीच्या मधोमध शिरोरेखा तुटली होती. अक्षराचा वरचा भाग जागेवर, खालचा भाग चार बोटं डावीकडे. तिथून खाली सगळं पान डावीकडे सरकलेलं, आणि डाव्या कडेतून बाहेर पडलेला तुकडा उजव्या कडेला जाऊन चिकटलेला. अशी अकरा पानं निघाली. त्यातली सात परत केलेल्या वह्यांमधली होती.

त्या अकरा पानांमुळे मला यूएसबी कळलं. साहित्याच्या विद्यार्थिनीने हे का लिहावं, असं कुणी विचारेल. पण मजकूर जपायचं काम आता आपण ज्या यंत्रावर सोपवतो, ते यंत्र अडखळल्यावर काय करतं, हे निदान एकदा तरी आपल्याला माहीत असायला हवं.

बाई आणि श्रुतलेखन

यूएसबीची वायर म्हणजे नळ नव्हे, की उघडला आणि पाणी आलं. तिच्यातून माहिती छोट्या छोट्या पाकिटांत येते. आमच्यासारख्या स्कॅनरच्या बाबतीत, म्हणजे यूएसबी २ च्या हाय-स्पीड जोडणीवर, एका पाकिटात जास्तीत जास्त ५१२ बाइट मावतात. ए-फोर आकाराचं पान इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने करड्या रंगात स्कॅन केलं, तर एका ओळीत २,४८० ठिपके आणि एकूण ३,५०८ ओळी होतात. एका ठिपक्याला एक बाइट. गुणाकार केला की ८६,९९,८४० बाइट. म्हणजे एका पानासाठी सुमारे १७ हजार पाकिटं वायरीतून जातात.

दुसरी गोष्ट, स्कॅनर आपणहून कधीच बोलत नाही. यूएसबीत सगळी सूत्रं कॉम्प्युटरकडे असतात. कॉम्प्युटरमधली 'होस्ट कंट्रोलर' नावाची चिप विचारते, "आहे का काही?" स्कॅनरकडे तयार असेल तर तो पाकीट देतो, नसेल तर "अजून नाही" म्हणतो. पाकिटासोबत सीआरसी नावाचा एक हिशेबाचा आकडा असतो. तो जुळला तर पाकीट धडधाकट पोचलं, आणि कंट्रोलर "पोचलं" अशी पावती देतो. तिला 'ॲक' म्हणतात.

आता शाळेतलं श्रुतलेखन आठवा. बाई म्हणजे स्कॅनर, लिहिणारी मुलगी म्हणजे कॉम्प्युटर. मुलगी म्हणते, "बाई, पुढचं सांगा." बाई एक वाक्य सांगतात. मुलगी लिहिते आणि म्हणते, "झालं." मग पुढचं वाक्य.

बाहेरून ट्रॅक्टर गेला तर? दोन गोष्टी होऊ शकतात. बाईंचं वाक्यच मुलीला ऐकू आलं नाही, तर ती गप्प राहील आणि पुन्हा विचारेल. बाई तेच वाक्य परत सांगतील. ठीक. पण समजा, मुलीने वाक्य ऐकलं, लिहिलं, "झालं" म्हणाली, आणि नेमका तो "झालं" ट्रॅक्टरच्या आवाजात बुडाला. बाईंना वाटणार, हिला ऐकू आलं नाही. त्या तेच वाक्य पुन्हा सांगणार, आणि मुलीच्या वहीत ते दोनदा येणार.

यावर यूएसबीने पहिल्यापासून, म्हणजे १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून, एक साधी युक्ती ठेवली आहे. प्रत्येक पाकिटावर आलटून पालटून 'शून्य' किंवा 'एक' अशी खूण असते. बाईंनी एका वाक्याआधी "शून्य" म्हणायचं, पुढच्या वाक्याआधी "एक", परत "शून्य". मुलीने 'एक'चं वाक्य लिहून झाल्यावर पुन्हा 'एक'च ऐकू आलं, तर ओळखायचं की हे जुनंच वाक्य आहे, मघाचा आपला "झालं" बाईंपर्यंत पोचला नाही. अशा वेळी "झालं" म्हणायचं, पण लिहायचं नाही. या खुणेला 'टॉगल' म्हणतात. एका बिटमध्ये काम भागतं. यूएसबी ३ मध्ये अनेक पाकिटं एकापाठोपाठ सोडायची असल्याने तिथे ० ते ३१ असे क्रमांक देतात, पण मूळ कल्पना तीच.

ही युक्ती मी इतकी लांबवून सांगितली, कारण आमच्या अकरा पानांचा घात याच युक्तीने केला. तिच्यात खोट नव्हती. तिला चुकीची माहिती दिली गेली होती.

दादाची पहिली शंका

"स्कॅनरच म्हातारा झालाय की गं," दादा म्हणाला. मला वाटलं, काचेखालचा दांडा अडकत असेल. पण दांडा अडकला असता तर चित्र कधी थोडं, कधी जास्त सरकलं असतं. मी पट्टी घेऊन पडद्यावर मोजायला बसले, तेव्हा दादाने मला थांबवलं आणि ठिपके मोजून दाखवले. पहिल्या पानावर सरक ५१२ ठिपके. दुसऱ्यावर ५१२. तिसऱ्यावर ५१२. एका पानावर दोन ठिकाणी तुटलं होतं, तिथे खालचा भाग १,०२४ ठिपके सरकला होता.

कागदावर ५१२ ठिपके म्हणजे सुमारे ४३ मिलिमीटर. पण मिलिमीटरमध्ये मोजत राहिलो असतो तर काही कळलं नसतं. आकडा ठिपक्यांमध्ये आल्याबरोबर दादाचा चेहरा बदलला. एक ठिपका म्हणजे एक बाइट, आणि ५१२ बाइट म्हणजे बरोबर एक पाकीट. पानातून प्रत्येक वेळी अख्खं एक पाकीट गायब होत होतं. ते गेल्यामुळे मागची सगळी रांग एक जागा पुढे सरकत होती.

मग त्याने कच्च्या फायलींचे आकार तपासले. प्रत्येक फाइल ८६,९९,८४० बाइटची हवी. तेरा फायली कमी भरल्या. अकरा माझ्या डोळ्यांना दिसलेल्या, आणि दोन अशा, ज्यांतलं पाकीट पानाच्या तळाशी कोऱ्या जागेत हरवलं होतं. त्या दोन पानांची चूक मला कधीच दिसली नसती. चित्र तयार करणारा प्रोग्रॅम कमी पडलेली जागा मुकाट पांढरी भरत होता.

केबल बदलू नकोस

आता संशय केबलवर आला. ती जुनी, लांब, एका टोकाला मोडलेली. मी दुसरी आणायला उठले तर दादा म्हणाला, "थांब. केबल बदललीस तर चूक जाणार नाही, फक्त दिसायची बंद होईल."

त्याने तोच स्कॅनर, तीच केबल, लिनक्स असलेल्या लॅपटॉपला लावली. वहीचं पान नको म्हणून जुनं वर्तमानपत्र काचेवर ठेवलं आणि वीस वेळा स्कॅन केलं. एकही चित्र सरकलं नाही. पण लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये आतल्या घडामोडी टिपून ठेवायची सोय आहे. ती चालू केल्यावर दिसलं की तिथेही 'ट्रान्झॅक्शन एरर' येत होत्या. म्हणजे केबल दोन्हीकडे तितकीच खराब होती. लिनक्स अडखळून सावरत होता. दादाचा ड्रायव्हर अडखळत होता, सावरल्यासारखं दाखवत होता, आणि एक पाकीट हरवत होता.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. केबल हे निमित्त होतं, कारण ड्रायव्हरमध्ये होतं. निमित्त दूर केलं असतं तर कारण तसंच झाकलेलं राहिलं असतं, आणि पुढच्या कुणाच्या तरी केबलची वाट बघत बसलं असतं. दादाने त्या खराब केबलला लाल दोरा बांधला आणि वर चिठ्ठी लावली: 'टाकू नये'. आता ती त्याच्याकडचं सगळ्यात उपयोगी अवजार आहे.

चूक झाल्यावर काय व्हायला हवं

यूएसबी ३ च्या काळापासून बहुतेक कॉम्प्युटरांत एक्सएचसीआय नावाच्या ठरलेल्या पद्धतीचा कंट्रोलर असतो. यूएसबी ३ चं विनिर्देशन २००८ मध्ये आलं, आणि या कंट्रोलरसाठीचा लिनक्सचा ड्रायव्हर सेज शार्प यांनी इंटेलमध्ये असताना लिहिला. २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीत तो आला आणि यूएसबी ३ चालवणारी लिनक्स ही पहिली ऑपरेटिंग सिस्टिम ठरली. दादाच्या बोर्डावरचा कंट्रोलरही याच पद्धतीचा.

त्याचं काम असं चालतं. ड्रायव्हर मेमरीत कामांची एक यादी मांडतो. तिला 'रिंग' म्हणतात, कारण शेवटाला पोचलं की पुन्हा सुरुवातीला येता येतं. यादीतली प्रत्येक नोंद १६ बाइटची. नोंदी मांडून झाल्या की ड्रायव्हर कंट्रोलरची घंटा वाजवतो, त्याला खरोखर 'डोअरबेल'च म्हणतात. कंट्रोलर एकेक काम करतो आणि दुसऱ्या एका रिंगवर निकाल लिहितो. निकालाला आकडा असतो: १ म्हणजे यश, ४ म्हणजे ट्रान्झॅक्शन एरर, ६ म्हणजे स्टॉल.

यातले ४ आणि ६ वेगळे ओळखायला हवेत. स्टॉल म्हणजे यंत्राने शुद्धीत असताना दिलेला नकार: "हे मला जमणार नाही." ट्रान्झॅक्शन एरर म्हणजे मधेच आवाज तुटला, कोण काय म्हणालं ते कळलं नाही. नकार देणाऱ्याला तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात अर्थ नाही. ज्याला ऐकूच आलं नाही त्याला मात्र आधी पुन्हा विचारायला हवं.

आवाज तुटला की कंट्रोलर लगेच हात टेकत नाही. तो स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, आणि लागोपाठ तीन वेळा फसला की मगच थांबतो. त्या वाहिनीला 'एंडपॉइंट' म्हणतात. ती 'हॉल्टेड', म्हणजे ठप्प, होते आणि निकाल ४ येतो. आता ड्रायव्हरने पुढे यायचं असतं. 'रिसेट एंडपॉइंट' अशी आज्ञा द्यायची, ती पूर्ण झाल्याचा निरोप येईपर्यंत थांबायचं, मग गरज असेल तर यादीत कुठून पुढे सुरू करायचं ते सांगायचं, आणि शेवटी घंटा वाजवायची.

दादाने हे सगळं केलं होतं. मग पाकीट का हरवलं?

सम आणि विषम

दादाने ड्रायव्हरमध्ये एक नोंदवही घातली. चूक आली की मागच्या रिसेटपासून किती पाकिटं नीट आली होती ते लिहायचं. वर्तमानपत्राचे स्कॅन चालू झाले. मी वहीत आकडे उतरवायला बसले: डाव्या रकान्यात पाकिटांची संख्या, उजव्या रकान्यात चित्र सरकलं की नाही.

चमत्कारिक गोष्ट म्हणजे चूक आली तरी दरवेळी चित्र सरकत नव्हतं. साधारण निम्म्या वेळा सगळं ठीक व्हायचं. दादा वैतागला होता, कारण कधी चालणारा आणि कधी न चालणारा प्रोग्रॅम हा पूर्ण बंद पडलेल्यापेक्षा वाईट. तो वेळेचा घोळ शोधत होता, आज्ञा लवकर जातेय का, उशिरा जातेय का. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मी माझ्या रकान्यांकडे बघत बसले. सरकलेल्या चित्रांसमोरचे आकडे सगळे विषम होते. न सरकलेल्यांसमोरचे सगळे सम.

"दादा, हे बघ, विषमला जातंय," मी म्हणाले. तो दोन मिनिटं वहीकडे बघत राहिला आणि मग त्याने कपाळावर हात मारला.

झालं होतं असं. 'रिसेट एंडपॉइंट' ही आज्ञा साध्या रूपात दिली, तर कंट्रोलर आपल्याकडची टॉगलची खूण पुसून पुन्हा 'शून्य' करतो. हे फक्त कॉम्प्युटरच्या बाजूला होतं. स्कॅनरला याचा पत्ताच नसतो. चुकीच्या आधी नीट आलेल्या पाकिटांची संख्या सम असेल, तर पुढच्या पाकिटावर 'शून्य'च खूण यायची असते. दोघांचं योगायोगाने जुळतं आणि सगळं सुरळीत चालतं. संख्या विषम असेल, तर स्कॅनर 'एक' खुणेचं पाकीट हातात घेऊन उभा असतो, आणि कॉम्प्युटर 'शून्य'ची वाट बघत असतो.

श्रुतलेखनाकडे परत या. गोंधळ झाला, मुलीने डोकं झटकलं आणि ठरवलं, "चला, आता शून्यापासून." बाई मात्र अजून "एक" म्हणून ते न पोचलेलं वाक्य सांगत आहेत. मुलीला वाटतं, 'एक' म्हणजे मघाचंच जुनं वाक्य. नियमाप्रमाणे ती म्हणते "झालं", आणि लिहीत नाही. बाई खूश, पुढचं वाक्य सांगतात. मुलगीही खूश. एक वाक्य कुणाच्याही वहीत नाही, आणि तक्रार करायला कुणी नाही.

सगळ्यांनी नियम पाळला होता. सीआरसी जुळला होता, पावती गेली होती, चूक म्हणून कुठेही काही नोंदलं गेलं नव्हतं. दोघांनी पुन्हा सुरुवात केली, पण "कुठपर्यंत आलो होतो?" हा प्रश्न एकमेकांना न विचारता.

दुरुस्ती

हे कळल्यावर दुरुस्ती छोटी होती. 'रिसेट एंडपॉइंट' आज्ञेत एक बिट असतं: टॉगल तशीच ठेव, पुसू नकोस. ते लावून रिसेट केलं, यादीतली जागा हलवली नाही आणि घंटा वाजवली, की कंट्रोलर जिथे थांबला होता तिथूनच, त्याच खुणेने पुन्हा विचारतो. याला 'सॉफ्ट रिट्राय' म्हणतात. लिनक्सचा ड्रायव्हर हेच करत होता, म्हणून त्याचं एकही पाकीट हरवलं नाही. आणि इथे टॉगल आपलं खरं काम करते. पाकीट खरंच पोचलं नव्हतं तर खूण जुळते आणि ते घेतलं जातं. पाकीट पोचलं होतं, फक्त पावती बुडाली होती, तर खूण जुळत नाही आणि दुसरी प्रत योग्य रीतीने टाकली जाते.

सॉफ्ट रिट्राय ठरावीक वेळाच करायचा. तेवढ्याने भागलं नाही तर वरची पायरी: दोन्ही बाजूंची खूण पुसायची. कॉम्प्युटरकडची रिसेटने, आणि यंत्राकडची 'क्लिअर हॉल्ट' नावाची वेगळी विनंती पाठवून. दोन्ही करायच्या, एकच नाही. पण इथे एक किंमत आहे. खुणा पुसल्यावर मधलं पाकीट पोचलं होतं की नव्हतं हे ठरवता येत नाही. म्हणून ड्रायव्हरने ही घटना लपवायची नसते, वरच्या प्रोग्रॅमला चूक कळवायची असते. लिनक्समध्ये असा निरोप 'उणे ७१' या आकड्याने जातो, आणि स्टॉलचा 'उणे ३२' ने. जुन्या पेनड्राइव्हने त्रास दिला की लॉगमध्ये हे आकडे दिसतात, ते हेच.

दादाची दुसरी चूक इथेच होती. चूक आली की त्याचा ड्रायव्हर तोवर आलेले बाइट वर पाठवून "सगळं ठीक" म्हणत होता. त्याला वाटलं होतं, वरच्यांना कशाला घाबरवायचं. पण वरच्या प्रोग्रॅमला खरं कळलं असतं तर त्याने ते पान तिथल्या तिथे, काचेवर असतानाच, पुन्हा मागितलं असतं.

त्याच्याही वरच्या पायऱ्या आहेत. अख्ख्या यंत्राचा पोर्ट रिसेट करायचा, म्हणजे यंत्र आपला पत्ता, मांडणी सगळं विसरतं आणि नव्याने ओळख करून द्यावी लागते. त्याहून वर, कंट्रोलरच बंद करून चालू करायचा, म्हणजे त्यावरचा कीबोर्ड, माउस, डिस्क सगळ्यांचं काम थांबतं. पायरी जितकी वर तितकं सावरणं खात्रीचं, पण तितकं हातातलं जास्त सांडतं. म्हणून नेहमी खालच्या पायरीपासून सुरुवात, आणि प्रत्येक पायरीला मोजणी व मुदत. एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करताना कधी सगळं अर्धा मिनिट गोठतं आणि मग पुन्हा चालू होतं, ते बहुधा यातलंच एक: लिनक्समध्ये डिस्कच्या एका आज्ञेला सहसा ३० सेकंदांची मुदत असते, ती संपली की पायऱ्या चढायला सुरुवात होते.

नवा कोड चालवला आणि पहिल्याच चुकीला सगळं ठप्प. दादा रिसेटची आज्ञा यादीत टाकून लगेच घंटा वाजवत होता, आज्ञा पुरी झाल्याचा निरोप येण्याआधीच. एंडपॉइंट अजून ठप्प, त्यामुळे त्या घंटेचा उपयोग नाही. मग निरोपाची वाट बघणं आलं. त्यानंतर चौथ्या चुकीला तो विनाकारण वरच्या पायरीवर गेला, कारण यश आल्यावर प्रयत्नांची मोजणी पुन्हा शून्य करायची राहिली होती. शेवटी आम्ही मुद्दाम स्कॅन चालू असताना केबलच उपटली. यंत्रच नाही म्हटल्यावर ड्रायव्हरने शहाण्यासारखं हात जोडायला हवेत, कायमचं विचारत बसायला नको. तेही जमलं. मग लाल दोऱ्याची केबल हलवत हलवत रात्रभर वर्तमानपत्र स्कॅन केलं. सकाळी सगळ्या फायली ८६,९९,८४० बाइटच्या, आणि नोंदवहीत अनेक चुका, सम आणि विषम दोन्ही.

तेरा पानांचं काय झालं

तिसरी वही अजून घरात होती, तिच्यातली खराब पानं पुन्हा स्कॅन करता आली असती. पण परत गेलेल्या वह्या? मी फोन करायचं धाडस करत होते. दादा म्हणाला, "कशाला? तुझी पानं हरवलेली नाहीत, सरकलीत."

हरवलं होतं फक्त एक पाकीट. ५१२ ठिपके, तेही एकाच ओळीतले किंवा फार तर लागून असलेल्या दोन ओळींतले. अशी एक ओळ कागदावर एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक असते. जिथे शिरोरेखा तुटली होती तिथे फाइलमध्ये ५१२ करडे बाइट घुसवले की खालची सगळी रांग आपोआप जागेवर जाते. आम्ही एकेक पान घेऊन बसलो. तुटलेली जागा शोधायची, बाइट घुसवायचे, मागेपुढे करून रेघ जुळवायची. दादाला अक्षर वाचून जुळवणी कळत नव्हती, ते मला कळत होतं. तळाशी कोऱ्या जागेत तुटलेल्या दोन पानांवर नेमकी जागा सापडली नाही, पण तिथे वाचायला काही नव्हतंच. तिसऱ्या वहीतली पानंही मग आम्ही पुन्हा काचेवर ठेवली नाहीत.

नवव्या ओळीत तुटलेली ती कविता आता सलग वाचता येते. खूप मोठं करून पाहिलं तर एका अक्षरातून केसाएवढी करडी रेघ गेलेली दिसते. ती पुसून टाकता आली असती. आम्ही ती ठेवली, आणि मंडळाच्या यादीत त्या पानांपुढे लिहून ठेवलं की इथे एक पाकीट हरवलं होतं. चूक लपवून "सगळं ठीक" म्हणणाऱ्या ड्रायव्हरने आम्हाला पंधरा दिवस पिडलं होतं, मग आम्हीच तेच कशाला करायचं?

जाता जाता एक सांगते. तुम्हीही कुठे जुन्या वह्या, पत्रं, फोटो स्कॅन करत असाल, तर मूळ कागद परत देण्याआधी दोन गोष्टी करा. कच्च्या फायलींचे आकार एकमेकांशी ताडून पाहा, आणि प्रत्येक पान शेवटच्या ओळीपर्यंत उघडून बघा. यंत्राने "झालं" म्हटलं म्हणजे वहीत उतरलंच असं नाही.